तिसऱ्या कॉपीतली साडी

मनकर्णाचा भुजंगमामा रुसला, आणि तोही कॅसेट बघून रुसला. पालममध्ये आजवर लोक पंगतीतल्या जागेवरून रुसले होते, फेट्याच्या कापडावरून रुसले होते, एक व्याही तर पानात चुना जास्त पडला म्हणून मांडवाबाहेर जाऊन बसला होता. पण व्हिडिओवरून रुसणारा पहिला माणूस आपल्याच घरातला निघावा, याचा मनकर्णाला वैताग आला, आणि खरं सांगायचं तर थोडासा अभिमानही वाटला.

झालं होतं असं. एकोणनव्वद सालच्या वैशाखात तिच्या ताईचं लग्न झालं. नवरा वालूरचा. लग्नाला चार दिवस उरले असताना मामा त्याच्या गावात, राणीसावरगावात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि पाय मोडून परभणीच्या दवाखान्यात जाऊन पडला. पायाला वजन टांगलेलं, उशाशी नर्मदामामी. म्हणजे नवरीचा सख्खा मामा लग्नाला नाही, मामीही नाही. तशातही त्यानं एका माणसाच्या हाती बहिणीसाठी साडी पाठवली. हिरवीगार, लाल काठाची. अक्षता पडताना नवरीच्या आईच्या अंगावर भावाची साडी पाहिजे, अशी त्यांच्याकडची रीत. मनकर्णाची आई, म्हणजे पार्वतीबाई, तीच साडी नेसली, आणि पाठवणी होऊन अंगण झाडून झालं तरी तिनं ती सोडली नाही.

आखाडात मामा घरी आला. लग्न बघायला मिळालं नाही म्हणून हळहळत होता, तर गावातला हॉटेलवाला आश्रुबा म्हणाला, "पाटील, लगीन मी दाखवतो की." पालमहून कॅसेटा मागवल्या, दुसरा व्हीसीआर कुठूनसा आणला, वायरी जोडल्या आणि कॉपी काढली. मग एका दुपारी मामाला बाजेसकट उचलून हॉटेलात नेलं. टीव्हीसमोर निम्मं गाव. आणि त्या निम्म्या गावादेखत मामाला काय दिसलं, तर बहीण मांडवात उभी आहे आणि तिच्या अंगावर मोतिया रंगाची साडी.

मोतिया साडी कुणी दिली होती हे सगळ्यांना माहीत होतं. मनकर्णाच्या चुलत्यानं, दत्तरावांनी.

"सासरच्या मानापुढं माहेर काय," असं कुणीतरी मागून म्हणालं म्हणे. झालं. मामानं टीव्ही बंद करायला लावला आणि पालमला निरोप धाडला, औंदा पंचमीला मी न्यायला येणार न्हाई.

आईच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बावीस पंचम्या मामा आला होता. एका वर्षी नदीला पाणी होतं तर दोन दिवस अलीकडच्या गावात मुक्काम करून आला होता. आईनं शपथा घातल्या, मनकर्णाकडून पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं, "कागदावर कुणी बी लिहितं. मी डोळ्यांनी बघितलंय." त्यानंतर आई कामं नेहमीसारखी करायची, पण हिरवी साडी ट्रंकेतून काढायची, उन्हात टाकायची, परत घडी घालून ठेवायची. साडीला काही कसर लागली नव्हती.

मनकर्णा यंदा दहावीत गेली होती. दीड वर्षापूर्वीपर्यंत ही पोरगी अशी होती की बाईंनी नाव विचारलं तर अंगठ्यानं जमीन उकरायची. मग शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणारे सर घसा बसून आडवे झाले आणि कुणीतरी माईक हिच्या हातात कोंबला. तेव्हापासून आवाज सापडला तो सापडलाच. आता कंडक्टरनं सुटे नाहीत म्हटलं तरी ती दोन मिनिटं बोलायची.

"मी जाते मामाकडं," ती म्हणाली.

"एकटी?" अण्णांनी, तिच्या वडिलांनी, विचारलं.

"दत्तरावकाका येतील. त्यांच्याच साडीवरून झालंय ना सगळं."

दत्तरावकाका हा फार कमी बोलणारा माणूस. साडी देऊन आपण एवढं मोठं काही केलंय हे त्यांना अजून नीट पटलं नव्हतं. ते टोपी घालून निघाले आणि एसटीत बसल्या बसल्या झोपले.

मामा ओसरीवर पाय लांब करून बसला होता. काकांना बघून त्यानं हात जोडले. "या पाव्हणं. जिंकलात तुमी."

"मी काय जिंकलो?" काका म्हणाले आणि खांबाला टेकून बसले.

"मामा, आई हिरवीच नेसली होती," मनकर्णानं सुरुवात केली. "निऱ्या मी धरल्या होत्या."

"तू आईचीच बाजू घेणार. व्हिडिओ कुणाची बाजू घेतो का? त्याला काय बहीण हाय का भाऊ?"

मग ती म्हणाली, मलाही दाखवा ती कॅसेट. मामा कुबडी घेऊन, मागून काका, असे तिघं आश्रुबाच्या हॉटेलात गेले.

आश्रुबानं कॅसेट शर्टाला पुसून आत सारली. पाठीवरच्या कागदावर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, एल.पी. "ही साधी न्हाई पोरी. एल.पी. हाय. सहा तासाची. तुमच्या पालमला दोन कॅसेटीत लगीन हाय, मी एकात बसवलं. लोक लांबून बघायला यायलेत."

पडद्यावर लग्न सुरू झालं. माणसं धुक्यात लग्न करत असावीत तसं दिसत होतं. फेट्याचा गुलाबी रंग फेट्याच्या बाहेर सांडून मागच्या भिंतीवर जाऊन बसला होता. बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती घरघर. आणि आई, तिची स्वतःची आई, खरोखर मोतिया साडीत उभी होती. क्षणभर मनकर्णालाच वाटलं की आपण निऱ्या धरल्या त्या स्वप्नात तर नव्हे.

मग तिचं लक्ष वर गेलं.

"मामा, तोरण बघा. आंब्याच्या पानांचं तोरण. कोणत्या रंगाचं हाय?"

मामानं डोळे बारीक केले. "मोतिया."

"आंब्याची पानं मोतिया असतात?"

हॉटेलात जरा कुजबुज झाली. मनकर्णानं ओढणी सावरली. जिंकलं असं तिला वाटलं. पण मामा शेतकरी माणूस.

"वैशाखाचं ऊन व्हतं. वाळली असतील पानं."

"वाळली तर तपकिरी होतील मामा."

"माझ्या टीव्हीला नावं ठेवायचं काम न्हाई," आश्रुबा मधेच म्हणाला, आणि विषय तिथंच मोडला.

परत जाताना गंगाखेडला एसटी बदलायची होती. मनकर्णा काकांना म्हणाली, "लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुंजाजीचं दुकान इथंच आहे. पाचच मिनिटं." काकांनी मान हलवली. पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्यांना तिच्या सवयीनं माहीत होतं.

मुंजाजी व्हिडिओवाला सुपारीएवढ्या तोंडाचा, हडकुळा माणूस. दुकानात भिंतभर कॅसेटी. मनकर्णानं आश्रुबाकडून मागून आणलेली कॅसेट पुढं ठेवली. त्यानं ती मशीनमध्ये घातली, दहा सेकंद बघितली आणि दात दुखावा तसं तोंड केलं.

"ही माझी न्हाई."

"शूटिंग तुमीच केलंय."

"माझी पोरगी येगळी. ही माझ्या पोरीच्या पोरीची पोरगी हाय." तो बोटांवर मोजू लागला. "मी कॅमेऱ्यात भरली ती मास्टर. मास्टरवरनं वालूरला दिली ती पहिली कॉपी. तुमच्याकडं कुठली हाय?"

"वालूरच्यावरून काढलेली," मनकर्णा म्हणाली. अण्णा तेव्हा म्हणाले होते, लग्न तेच, माणसं तीच, कॉपी कुठूनही काढली तर काय बिघडतं.

"ती दुसरी झाली. आन तुमच्यावरनं ह्या हॉटेलवाल्यानं काढली ती तिसरी. दर टायमाला रंग थोडा गळतो, आवाज थोडा गळतो. आन वरून एल.पी."

"एल.पी. म्हणजे भारी ना?"

मुंजाजी पहिल्यांदाच हसला. "एस.पी. म्हणजे टेप सरळ चालीनं चालती. तीन तासाची टेप तीन तास. एल.पी. म्हणजे तीच टेप हळू चालवायची आन तेवढ्यात सहा तास कोंबायचे. वहीच्या एका ओळीत दोन ओळी लिहिल्या तर तुमच्या बाई मार्क देतील का?"

बाई वही फेकतील, हे मनकर्णाला पक्कं माहीत होतं. "मग मला मास्टर द्या. एक दिवस."

"मास्टर दुकानाबाहेर जात न्हाई." मग तो थोडा वरमला. "आन गेली तरी, सापडली पाहिजे."

तिनं भिंतीकडं नीट पाहिलं. कॅसेटींच्या पाठीवर काय काय लिहिलं होतं: लग्न. लग्न २. दुसरं लग्न. बारसं (बहुतेक). खोडलेलं, त्यावर परत लिहिलेलं, शाई ओघळलेली. मास्टर कुठली आणि कॉपी कुठली, हे मुंजाजीला वासावरून कळत असावं.

"मी सगळ्यांना नवीन लेबलं लिहून देते," ती म्हणाली. "माझं अक्षर बघा." आणि तिनं दप्तरातली वही उघडली. शाळेत फळ्यावरचा सुविचार तीच लिहायची.

मुंजाजीनं वही जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली. "बस," म्हणाला.

काका बाकावर झोपले. दुपारभर मुंजाजी एकेक कॅसेट लावून सांगत होता आणि मनकर्णा लिहीत होती. कुणाचं लग्न, कुठलं गाव, मास्टर की कॉपी, कितवी, एस.पी. की एल.पी. लिहिता लिहिता तिला वाटलं, दुरून ओळखू यायला रंग पाहिजे. दप्तरात स्केचपेनं होती. मास्टरला तिनं पिवळी पट्टी ओढली. पहिल्या कॉपीला पांढरी सोडली. दुसरीला निळी. तिसरीला काय द्यावं म्हणून पेन उचललं आणि तिचा हात तसाच थांबला.

पिवळा, पांढरा, निळा. हे रंग तिला सुचले नव्हते. हे तिनं लहानपणापासून बघितले होते, मामाच्या ओसरीवर, पोत्यांच्या शिवणीत.

तिसरीला तिनं काहीच रंग दिला नाही.

संध्याकाळच्या आत मास्टर सापडली, म्हणजे अर्धी सापडली. हळद आणि अक्षतांच्या कॅसेटवर मुंजाजीनं मागच्याच आठवड्यात एक बारसं भरून टाकलं होतं. "मास्टर कोण सांभाळतो ताई? गिऱ्हाइकाला कॉपी दिली की त्याच कॅसेटवर पुढचं काम." दुसरी उरली होती, आहेर, पंगत आणि पाठवणीची. तिच्यावर परवा एका दुकानाचं उद्घाटन भरायचं होतं.

"म्हणजे परवा माझी आई पुसून जाणार," मनकर्णा म्हणाली.

मुंजाजी तिच्या अक्षरांनी झळकणाऱ्या भिंतीकडं बघत राहिला. मग त्यानं कॅसेट कागदात गुंडाळली. "उद्या संध्याकाळी परत पाहिजे. आन उन्हात ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी तीच दोघं परत राणीसावरगावात. यावेळी बातमी आधी पोचली होती, कारण आश्रुबानं पोचवली होती. हॉटेल भरलेलं. मामा बाजेवर, कुबडी आडवी मांडीवर.

"लाव कॅसेट," मामा म्हणाला.

"आधी थोडं बोलायचंय," मनकर्णा म्हणाली. माईक नव्हता, पण तिला आता त्याची गरज नव्हती. "मामा, तुमी बियाण्याच्या पिशवीला हात लावायच्या आधी काय बघता?"

मामा बियाण्याचे प्लॉट घ्यायचा, म्हणजे विक्रीचं बी आपल्या शेतात पिकवायचा. सगळ्या शिवारात त्याच्याइतकं बी कुणाला कळत नव्हतं, आणि हे विचारलेलं त्याला आवडायचं. रुसवा विसरून तो म्हणाला, "टॅग. टॅग बघितल्याबिगर पिशवी उघडायची न्हाई."

"पिवळा टॅग कशाचा?"

"ब्रीडर बियाण्याचा. मूळ बी ते."

"त्याच्यापासून काढलेलं?"

"पांढरा टॅग. पायाभूत बी."

"आणि त्याच्यापासून?"

"निळा. प्रमाणित. ते शेतकऱ्याला मिळतं."

"आणि निळ्या टॅगचं पीक आलं, त्यातलंच बी कुणी ठेवलं आणि पुन्हा पेरलं तर?"

"त्याला कसला टॅग? एक ताट गुडघ्याएवढं, एक डोक्याएवढं. कणसात निम्मे दाणे न्हाईत." मामा आता लोकांकडं बघून बोलत होता. "तसलं बी पेरायचं आन मंग म्हणायचं जमीनच खराब हाय."

"मग मामा," मनकर्णा म्हणाली, "आश्रुबाच्या कॅसेटचा टॅग बघितला व्हता का तुमी?"

हॉटेलात कपबशा वाजायच्या थांबल्या.

"मुंजाजीकडं हाय ती पिवळी. वालूरची पांढरी. आमची निळी. आणि ही," तिनं एल.पी. लिहिलेली कॅसेट वर धरली, "हिला टॅग न्हाई. घरचं बी. त्यात तुमी माझ्या आईची साडी बघितली आणि म्हणालात जमीनच खराब हाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "पोरगी वकील व्हती बगा." दत्तरावकाका नेमके त्याच वेळी जागे झाले आणि "व्हय," म्हणाले.

"पण एल.पी. सहा तासाची हाय," आश्रुबा पुटपुटला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. त्यानं निमूटपणे मास्टर आत सारली.

टीव्ही तोच, हॉटेल तेच. पण पडद्यावरचं धुकं कुणीतरी फडक्यानं पुसल्यासारखं निघून गेलं. पंगत दिसली, बुंदीचा दाणा न् दाणा वेगळा दिसला. गुलाबी फेटा फेट्यातच राहिला. मांडवाचं तोरण दिसलं. पानं सुकली होती खरी, कडेनं मुडपली होती, पण हिरवी होती.

"वाळलीच व्हती," मामा हळूच म्हणाला. तेवढा हक्क त्याचा होता.

मग पाठवणी. दारात ताई, आणि ताईला कवटाळून आई. हिरवीगार साडी, लाल काठ. काठावरची बारीक कुयरीसुद्धा दिसत होती.

मनकर्णाचं काम झालं होतं. ती मागं सरणार, तेवढ्यात आवाज आला. तिसऱ्या कॉपीत नुसती घरघर होती तिथं मास्टरमध्ये शब्द होते. ताई हुंदके देत म्हणत होती, मामा आले नाहीत. आणि आईनं पदराचं टोक घेतलं, ताईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हा मामाचाच पदर हाय. मामाचा हात समज आन गप बस."

हे मनकर्णालाही माहीत नव्हतं. लग्नात ती दहा पावलांवर तांब्या घेऊन उभी होती आणि वाजंत्रीत तिला काही ऐकू आलं नव्हतं.

मामानं कुबडी उचलली, परत ठेवली. मिशीवरून हात फिरवला, तो जरा वर डोळ्यांपर्यंत गेला. "मागं घे रे," आश्रुबाला म्हणाला. आश्रुबानं मागं घेतलं. "आजून एकदा." असं चारदा झालं. चौथ्या वेळी मामा दत्तरावकाकांकडं वळला.

"पाव्हणं, च्या घ्या."

"घेतो," काका म्हणाले.

कॅसेट बाहेर आली. मनकर्णा ती कागदात गुंडाळत उद्घाटनाचं सांगत होती तेव्हा मामानं कॅसेट मागितली, उलटीपालटी केली. "उद्या हिच्यावर दुसरं काही भरणार म्हणलीस ना? मग त्याला आडवायचं कसं?"

"मागं ही प्लास्टिकची खिट्टी हाय बघा. ती मोडली की मशीन हिच्यावर काही भरूच देत नाही. पण मामा, कॅसेट मुंजाजीची..."

कट्कन आवाज आला. मामाच्या अंगठ्याला कापसाची बोंडं मोडायची सवय.

"मुंजाजीला कोरी कॅसेट दिऊ," तो म्हणाला. "आन त्याला म्हणावं, भुजंगरावाची बहीण हाय ती. पुसायची न्हाई."

मुंजाजीनं कोरी कॅसेट ठेवून घेतली, वर तोंड एवढंसं करून आणखी दोन कपाटं दाखवली. दिवाळीपर्यंत दर रविवारी मनकर्णा गंगाखेडला लेबलं लिहायला जायची आणि काका बाकावर झोपायचे. पण ते पुढचं.

पंचमीच्या आदल्या दिवशी आई सकाळपासून हिरवी साडी नेसून बसली होती. भाजी निवडताना पदर खोचायची, मग आठवण झाल्यासारखा सोडायची. अकराच्या एसटीनं मामा आला. एक पाय जपून, मग काठी, मग दुसरा पाय, असा उतरला. कंडक्टर खोळंबला तरी एका शब्दानं बोलला नाही, कारण खाली मनकर्णा उभी होती.

दारात बहीणभाऊ समोरासमोर आले. मामानं साडीकडं पाहिलं, काठाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं.

"पायरी जपून दादा," आई म्हणाली. "ती मोडकी हाय."

"दिसायलीय मला," मामा म्हणाला. "आता नीट दिसायलंय."

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून कॅसेट काढून तिच्या हातात दिली. कॅसेटला सुतळीनं एक टॅग बांधला होता, खराखुरा, बियाण्याच्या पिशवीवरचा, पिवळाजर्द.

"हे काय करू मी?" आई म्हणाली. "आपल्याकडं ती मशीन कुठं हाय?"

"माझ्याकडं बी न्हाई. ठिव ट्रंकेत, साडीच्या घडीत. मूळ बी घरात असू दे."

आईनं कॅसेट पदरात गुंडाळली आणि आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. आणि ओसरीवरून मनकर्णा ओरडून सांगू लागली, आई, तिथं नको, खाली डांबराच्या गोळ्या आहेत, आणि कॅसेट उभी ठेव, आडवी नको.